दूरची ओळख

मुंबईच्या कापडगिरण्या भरात होत्या त्या काळी रत्नागिरीकडून किंवा साताऱ्याकडून आलेला तरुण प्रथम गाववाल्याच्या खोलीवर उतरत असे. अंथरूण पसरण्यापुरती जागा मिळे, खानावळीची सोय लागे; पुढे खोलीतलाच कोणी त्याला जॉबरपुढे नेऊन उभा करी आणि बदली कामगार म्हणून त्याचा गिरणीत प्रवेश होई. नोकरीची वाट अशी गावाच्या, जातीच्या आणि सोयऱ्याधायऱ्यांच्या घरांवरून जात असे. ज्याला शहरात कोणी गाववाला नाही, त्याच्यापुरती ती जवळजवळ बंदच असे. मराठीत ‘ओळख’ आणि ‘वशिला’ हे दोन शब्द इतके शेजारी नांदतात, ते काही उगीच नव्हे.

निकटच्या नात्यांपेक्षा दूरची ओळखच नोकरीच्या कामी अधिक येते, असा विचार १९७३ मध्ये मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने मांडला. बॉस्टनजवळच्या न्यूटन येथे नुकतीच नोकरी बदललेल्या सुशिक्षित लोकांची त्याने विचारपूस केली. ओळखीतून नोकरी लागलेल्यांपैकी शेकडा १७ जणांनाच ती वार्ता नेहमी भेटणाऱ्या माणसाकडून कळली होती. बाकीच्यांना ती अधूनमधून अथवा क्वचित भेटणाऱ्याने सांगितली होती. याचे कारण उघड आहे. जिवलग मित्राला जे ठाऊक असते, ते बहुधा आपणांसही ठाऊक असते. दूरचा परिचित निराळ्या वर्तुळात वावरतो व तेथील वार्ता त्याच्या कानी आधी पडते.

याच तत्त्वावर व्यावसायिकांची संकेतस्थळे उभी आहेत. त्यांतील सर्वांत मोठे लिंक्डइन. रीड हॉफमन व त्याच्या सहकाऱ्यांनी २००२ च्या अखेरीस त्याची स्थापना केली आणि मे २००३ मध्ये ते लोकांस खुले झाले. ओळखीच्या माणसाच्या ओळखीचा माणूस कोण, हे एरव्ही केवळ योगायोगाने कळे. ते येथे पडद्यावर दिसू लागले. २०२३ मध्ये या स्थळाचे एकट्या भारतातील सभासद १० कोटींवर पोहोचल्याचे जाहीर झाले. कोणा लहान गावच्या अभियंत्याला बंगळूरच्या कचेरीतील अधिकाऱ्याशी चार ओळींचा पत्रव्यवहार करता यावा, ही सोय लहान नव्हे.

या सोयीची परीक्षाही झालेली आहे. कोणाशी ओळख करून घ्यावी याच्या ज्या सूचना स्थळाकडून येतात, त्यांत पाच वर्षे निरनिराळे फेरफार करून सुमारे २ कोटी सभासदांवर प्रयोग करण्यात आले. त्यांचे निष्कर्ष २०२२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. अगदी निकटचा नव्हे आणि अगदी परकाही नव्हे, असा मधल्या अंतरावरचा परिचित नोकरीस सर्वाधिक उपयोगी पडतो, असे दिसून आले. ग्रॅनोव्हेटरचे म्हणणे बऱ्याच अंशी खरे ठरले. तथापि ज्यांच्यावर प्रयोग झाला, त्यांना त्याची वार्ता नव्हती. कोणाचे दार कोणापुढे उघडावयाचे, हे पूर्वी जॉबर ठरवी. आता ते यंत्र ठरवते. जॉबर निदान डोळ्यांना दिसत तरी असे.

तक्रारी आणखीही आहेत. सभासदाच्या पत्त्यांच्या यादीतील लोकांना त्याच्या नावे पुनःपुन्हा आमंत्रणे धाडल्याबद्दल या कंपनीवर अमेरिकेत दावा झाला आणि २०१५ मध्ये १ कोटी ३० लाख डॉलर देण्याचे मान्य करून तिने तो मिटविला. बोट टेकताच अर्ज जातो, म्हणून एका जागेवर अर्जांचा पाऊस पडतो व उत्तर बहुतेकांस येत नाही. समर्थांनी ‘दासबोधा’त आत्मस्तुतीची गणना मूर्खलक्षणांत केली, येथे आत्मस्तुतीवाचून कोणाचे लक्षच जात नाही. मितभाषी पण कसबी माणूस मागे राहतो. शिवाय कामाच्या आधी नाव, छायाचित्र आणि आडनाव दिसते. आडनावावरून गाव व जात ताडण्याची ज्या समाजाला सवय आहे, तेथे नव्या दारातूनही जुना पक्षपात आत येऊ शकतो.

म्हणून या स्थळांची कसोटी सभासदसंख्येवर लावून भागणार नाही. ज्याला शहरात कोणीही गाववाला नाही, त्याला आत शिरता येते की नाही, हाच खरा प्रश्न आहे. जुना गाववाला केवळ वार्ता देत नसे. तो आपला शब्द टाकी, आणि आणलेला पोरगा कामचुकार निघाला तर खाली मान घालणेही त्याच्याच वाट्याला येई. स्थळ वार्ता देते. शब्द टाकण्याचे काम अजून माणसाकडेच राहिले आहे. ज्याला स्वतःला कोणी एकेकाळी हात दिला, त्याने अनोळखी तरुणाच्या चार ओळींना दोन ओळींचे उत्तर धाडले, तरी या विशाल यादीचे पुष्कळसे सार्थक होईल.