वोयतिला हें आडनांव : त्याचें मूळ व त्याचा प्रसार
(महोत्सवाच्या निमित्तानें दिलेलें भाषण)



आपल्या धर्मग्रामाच्या महोत्सवाच्या ह्या मंगल प्रसंगीं आम्ही जो विषय घेऊन आपणांपुढें उभे आहों, तो ऐकून कित्येकांस नवल वाटेल. पोलंडसारख्या दूर देशांतील, आणि त्या देशांतहि विरळा अशा, एका आडनांवाचा हा विचार आहे. तें आडनांव म्हणजे वोयतिला. दुसरे जॉन पॉल ह्या नांवानें जे पोप झाले आणि ज्यांना २०१४ सालीं संतपद देण्यांत आलें, त्यांच्या घराण्याचें हें नांव. १९८६ च्या फेब्रुवारी महिन्यांत ते गोवें, मुंबई व पुणें येथें येऊन गेले. त्यांची तसबीर आपल्या कित्येक घरांत आहे. परंतु त्यांचें आडनांव कोठून आलें, त्याचा अर्थ काय आणि तें पोलंडच्या एका कोपऱ्यांतच कां दाटलेलें आढळतें, हें आपण क्वचितच विचारतों.

१६ ऑक्टोबर १९७८ च्या संध्याकाळीं रोम येथें कार्डिनल फेलिची ह्यांनीं सज्जांतून नव्या पोपचें नांव पुकारलें. ‘कारोल’ हें नांव लॅटिन रूपांत आलें, त्यापुढें ‘वोयतिला’ हा शब्द आला, आणि चौकांत जमलेले लोक एकमेकांच्या तोंडाकडे पाहूं लागले. हा कोण? कोणत्या देशाचा? कित्येकांस हें नांव आफ्रिकेंतील वाटलें. १५२२ सालीं निवडून आलेल्या सहाव्या आद्रियाननंतर साडेचारशें वर्षें सारे पोप इटालियन झाले होते. अशा कानांस हा शब्द परका वाटला ह्यांत आश्चर्य नाहीं.

आपण ‘वोयतिला’ म्हणतों तेंहि खरें पाहतां पुरतें बरोबर नाहीं. पोलिश लिपींत ह्या नांवांतील ल वर एक तिरकी रेघ असते. असा रेघेचा ल पूर्वीं जाड ल सारखा उच्चारीत. आतां त्याचा उच्चार दोन्ही ओठ जवळ आणून केलेल्या व सारखा होतो. म्हणून क्राकोवचा मनुष्य ‘वोयतीवा’ असें म्हणेल, आणि जोर मधल्या अक्षरावर देईल. आपल्याकडे रूढ झालेलें रूप आम्ही ह्या एका नांवापुरतें तसेंच ठेवतों. इतर पोलिश नांवें मात्र उच्चाराच्या जवळपास लिहिलीं आहेत.

आतां मूळ. ह्या नांवाचा पहिला भाग ‘वोयत’ हा ‘वोयचेख’ ह्या जुन्या स्लाव नांवाचा संक्षेप होय, असें मानण्यास बळकट आधार आहे. ‘वोय’ म्हणजे योद्धा, आणि पुढील भागाचा संबंध आनंद किंवा समाधान ह्या अर्थाशीं आहे. आईबापें मुलास वोयचेख म्हणून बाप्तिस्मा देत आणि घरांत लाडानें ‘वोयतेक’ म्हणून हांक मारीत. असल्या लहान रूपास निरनिराळे प्रत्यय लागून आडनांवांचें मोठें कुळ तयार झालें : वोयतास, वोयतचाक, वोयतकोव्याक, वोयचेखोव्स्की, आणि तसेंच वोयतिला. शेवटचा ‘इला’ हा प्रत्यय खेडवळ बोलींतला, किंचित् धसमुसळा आहे. मिकोवाय, म्हणजे आपला निकोलस, ह्यापासून ‘मिकुवा’ झालें, त्याचाच हा भाऊ समजावा. दरबारांत असलें नांव घडत नाहीं; तें शेताच्या बांधावर, एकमेकांस हांका मारतां मारतां घडतें.

वोयचेख हें नांव पोलंडमध्यें इतकें प्रिय कां झालें, हें सांगावयास एक हजार वर्षें मागें जावें लागतें. संत वोयचेख बोहेमियांतील लिबित्से येथें सुमारें ९५६ सालीं जन्मले. माग्देबुर्गचे आर्चबिशप आदाल्बेर्त हे त्यांचे गुरु. दृढीकरणाच्या वेळीं त्यांनीं गुरूचेंच नांव घेतलें. पुढें ते प्रागचे बिशप झाले, आणि शेवटीं बाल्टिक समुद्राच्या बाजूस प्रशियन लोकांत सुवार्ता सांगण्यास गेले असतां २३ एप्रिल ९९७ रोजीं त्यांचा वध झाला. पोलंडचा अधिपति बोलेस्वाव ह्यानें त्यांचा देह भारोभार सोनें देऊन सोडविला अशी परंपरा आहे. तो ग्न्येझ्नो येथें पुरण्यांत आला, आणि १००० सालीं सम्राट तिसरा ओटो स्वतः त्या समाधीच्या यात्रेस आला. त्याच सुमारास ग्न्येझ्नो हें आर्चबिशपचें पीठ झालें. पोलंडच्या स्वतंत्र धर्मप्रांताचा पाया असा ह्या रक्तसाक्ष्याच्या थडग्यावर घातला गेला. तेथील कॅथीड्रलच्या बाराव्या शतकांतील कांस्य दारांवर अठरा चित्रांत त्यांचें चरित्र कोरलेलें आहे. तेव्हां शेतकऱ्यानें आपल्या पोरास वोयचेख म्हणावें हें साहजिकच होतें.

गुरूच्या नांवाचा परिणाम मात्र पुढें मोठा गमतीचा झाला. अर्थाच्या दृष्टीनें आदाल्बेर्त आणि वोयचेख ह्यांचा कांहीं संबंध नाहीं. पण संत एकच, म्हणून लॅटिन लिहिणाऱ्या पोलिश धर्मगुरूंनीं वोयचेख नांवाच्या प्रत्येक मुलाची नोंद ‘आदाल्बेर्तुस’ अशी केली. घरीं वोयतेक, वहींत आदाल्बेर्तुस! आडनांव मात्र लॅटिनमध्यें गेलें नाहीं. तें गांवच्या बोलींतच राहिलें. ज्यास हें ठाऊक नाहीं त्याच्या हातीं वही आली तरी वोयतिला आणि आदाल्बेर्तुस हीं एकाच झाडाचीं फळें आहेत हें त्यास कळणार नाहीं.

दुसरेंहि एक मत आहे. पोलिश भाषेंत ‘वुयत’ म्हणून एक शब्द आहे. तो जर्मन ‘फोग्त’ वरून, आणि तो लॅटिन ‘अदव्होकातुस’ वरून आला. मध्ययुगांत तो नगराच्या अधिकाऱ्याचें पद दाखवी. आज ग्रामीण विभागाच्या निवडून आलेल्या प्रमुखास वुयत म्हणतात. आपल्याकडे जसें पाटील हें पद आडनांव झालें, तसें तेथें ‘वुयचिक’ हें आडनांव झालें, आणि तें पोलंडच्या अगदीं सामान्य आडनांवांपैकीं एक आहे. परंतु वुयचिक ह्याचा उगमहि कांहीं ठिकाणीं पदापासून व कांहीं ठिकाणीं वोयचेखपासून आहे. दोन्ही शब्द इतके शेजारीं उभे आहेत कीं ते एकमेकांत मिसळले. वोयतिलाच्या बाबतींत संताच्या नांवाकडे झुकणारें मत आम्हांस अधिक ग्राह्य वाटतें. कारण पदावरून आलेलें नांव बहुधा पदाचा मान राखतें, आणि हा प्रत्यय मान राखणारा नाहीं.

येथें ‘स्की’ ह्या शेपटाविषयीं चार शब्द सांगणें अवश्य आहे. पोलिश नांव म्हटलें कीं आपल्या डोळ्यांपुढें ‘स्की’ येतें. तें आरंभीं जमीनदारांचें चिन्ह होतें. अमक्या गांवचा धनी तो अमकोव्स्की. पुढें तें सरसकट झालें, तरी त्यास उंची वस्त्राचा वास राहिला. पोपच्या आईचें माहेरचें नांव काचोरोव्स्का, म्हणजे काचोरोव्स्की घराण्याची मुलगी. वोयतिला ह्यास असें शेपूट नाहीं, आणि तें पुरुषास व स्त्रीस एकच लागतें. त्या घराण्यास कोणी प्राचीन सरदारकी चिकटवूं पाहील तर हें नांवच त्याच्या विरुद्ध साक्ष देईल. आमच्या मतें तीच त्या नांवाची शोभा आहे.

खेड्यांतील लोकांचीं नांवें कायम कशीं झालीं? ह्याचें श्रेय पुष्कळ अंशीं धर्मग्रामाच्या वह्यांस आहे. त्रेन्त येथील धर्मपरिषदेनें १५६३ सालीं विवाहांची नोंद ठेवण्याची आज्ञा केली व बाप्तिस्म्याच्या वेळीं धर्मपिता-धर्ममाता ह्यांचीं नांवें लिहून ठेवावयास सांगितलें. १६१४ च्या रोमन विधिग्रंथानें नोंदींचे नमुने घालून दिले. तोंपर्यंत एकाच शेतकऱ्यास बापाच्या नांवावरून एक, घराच्या जागेवरून दुसरें व स्वभावावरून तिसरें नांव असे. धर्मगुरूनें लेखणी उचलली आणि त्यांपैकीं एक वहींत पडलें; पुढच्या पिढीनें तेंच चालविलें. पोलंडचें पहिलें विभाजन १७७२ सालीं झालें आणि दक्षिणेचा भाग, ज्यास गालिसिया म्हणत, ऑस्ट्रियाकडे गेला. सम्राट दुसरा योसेफ ह्यानें १७८४ सालीं वह्यांचा नमुना ठरवून दिला आणि धर्मगुरूस सरकारी नोंदणीचें काम सोंपविलें. तेव्हांपासून तेथील वह्यांत रकाने दिसतात : तारीख, घराचा क्रमांक, मुलाचें नांव, धर्म, लिंग, औरस कीं अनौरस, आईबाप, धर्मपिता व धर्ममाता, आणि त्यांचा धंदा. हा क्रमांकाचा रकाना वंशशोधकास सोन्यासारखा. एकाच नांवाचे दोघे असले तरी घरावरून ते वेगळे ओळखतां येतात.

आपल्यांतील पुष्कळांचीं आडनांवें पोर्तुगीज आहेत. पोलिश शेतकऱ्याचें तसें झालें नाहीं. त्याचें आडनांव त्याच्याच बोलींत घडलें, वहीनें तें फक्त स्थिर केलें.

वोयतिला हें नांव ज्या भागांत दाट आढळतें तो पोलंडच्या दक्षिणेस, बेस्कीद डोंगरांच्या पायथ्याशीं, ब्येल्स्को-ब्यावा व क्राकोव ह्यांच्या आसपास आहे. पोपच्या घराण्याचें मूळ गांव चान्येत्स हें सोवा नदीच्या बाजूस आहे. नांव एका टापूंत कां साचून राहिलें? कारण माणसें साचून होतीं. वेठबिगारीच्या काळांत धन्याच्या परवानगीवांचून शेतकऱ्यास गांव सोडतां येत नसे. योसेफ बादशहानें १७८२ सालीं तीं बंधनें सैल केलीं. वेठ मात्र गालिसियांत १८४८ सालीं बंद झाली. तोंपर्यंत मुलगी शेजारच्या गांवीं दिली जाई आणि मुलगा बापाच्या जमिनीच्या तुकड्यावर राही. अशा रीतीनें आडनांवें खेड्यांच्या घोसाबाहेर सहसा पडत नसत.

ह्या घराण्याचा पाय गांवाबाहेर पडला तो सुईदोऱ्याच्या मागें. पोपचे आजोबा माचेय वोयतिला ह्यांनीं शिंप्याचा धंदा धरला व ते चान्येत्स सोडून लिपनिक येथें राहिले. लिपनिक हें ब्यावाच्या कारखान्यांलगतचें गांव; आतां तें शहरांतच सामावलें आहे. तेथें १८७९ सालीं त्यांचे पुत्र कारोल जन्मले. तेहि शिंपीकाम शिकले, परंतु १९०० सालीं ऑस्ट्रियाच्या सैन्यांत भरती झाले आणि पलटणीबरोबर वादोवित्से येथें गेले. चान्येत्सपासून वादोवित्सेपर्यंतचें अंतर एका दिवसांत पायीं चालून जावें इतकेंच आहे. शेतकरी, शिंपी, शिपाई अशा तीन पिढ्यांत हें नांव एवढेंच सरकलें. त्यापुढें तें एकदम रोमला गेलें.

इतर वोयतिलांची पांगापांग निराळ्या वाटांनीं झाली. वेठ गेली तरी जमिनीचे तुकडे इतके लहान झाले होते कीं एकोणिसाव्या शतकाच्या शेवटीं गालिसियांतील लक्षावधि लोक अमेरिकेस गेले. कांहीं सिलेशियांतील खाणींत व कारखान्यांत गेले. परदेशीं ल वरची रेघ गळली, आणि नातवंडें आपलें नांव आपल्याप्रमाणेंच ‘वोयतिला’ म्हणूं लागलीं. काझिमेझ रिमुत ह्या विद्वानानें पोलंडमधील आडनांवांचा कोश १९९२ ते १९९४ ह्या वर्षांत दहा खंडांत प्रसिद्ध केला. सरकारी नोंदींवरून प्रत्येक आडनांवाचे किती लोक त्या वेळच्या ४९ प्रांतांपैकीं कोठें राहतात हें त्यांत दिलें आहे. नोवाक हें नांव लावणारे सुमारें दोन लक्ष लोक पोलंडमध्यें आहेत. त्यांच्यापुढें वोयतिला म्हणजे मूठभर, आणि तीं मूठहि मुख्यतः दक्षिणेंत.

मग हे सारे पोपचे भाऊबंद काय? १९७८ नंतर असें म्हणणारे निघालेच. मोठ्या माणसाचा चुलता होण्यास कोणास आवडत नाहीं! परंतु वोयचेख हें नांव गांवोगांवीं होतें, म्हणून त्यापासून वोयतिला हें आडनांव एकाहून अधिक ठिकाणीं स्वतंत्रपणें निघणें शक्य आहे. नांव एक म्हणून रक्त एक असें होत नाहीं. ह्याचा निकाल वहीच देऊं शकते, दुसरें कोणी नाहीं.

आणि ज्यांची वही गेली त्यांचें काय? १९४४ सालीं वॉर्सामधील जुन्या दप्तरांचा फार मोठा भाग जर्मनांनीं जाळून टाकला. आपल्या कोल्हापुराजवळ वळिवडे येथें १९४३ पासून १९४८ पर्यंत सुमारें पांच हजार पोलिश निर्वासित राहिले, हें येथील वृद्धांस ठाऊक असेल. ते बहुतेक पोलंडच्या पूर्व सीमाप्रांतांतले; रशियनांनीं त्यांना घरादारांतून उचलून सैबेरियाकडे नेलें होतें, आणि तेथून सुटून इराणमार्गें ते आपल्याकडे पोंचले. युद्धानंतर त्यांचीं गांवें सोव्हिएट सरहद्दीच्या पलीकडे गेलीं. आपला बाप्तिस्मा कोठें झाला हें ज्यांस सांगतां येई, त्यांस त्या गांवीं जाऊन तें पान पाहणें मात्र वर्षानुवर्षें शक्य नव्हतें. वोयतिला घराण्याच्या वह्या राहिल्या, हें त्यांचें भाग्य म्हणावयाचें.

वादोवित्से येथील धर्मग्रामाच्या वहींत १९२० सालची एक नोंद आहे. कारोल योझेफ, जन्म १८ मे, बाप्तिस्मा २० जून. बाप सैन्यांतला, म्हणून संस्कार सैन्याच्या धर्मगुरूनें केला. नोंद इतर नोंदींसारखीच आहे. पण बाप्तिस्म्याच्या नोंदीशेजारीं पुढील संस्कारांची टीप लिहावी असा मातासभेचा नियम आहे, आणि तो नियम पाळतां पाळतां त्या पानावर ओळी वाढत गेल्या : १९४६, धर्मगुरुदीक्षा, १९५८, बिशप, १९६७, कार्डिनल, १९७८, पोप. त्यांचा थोरला भाऊ एडमंड हा डॉक्टर होता. रोग्याची शुश्रूषा करतांना स्कार्लेट ज्वर लागून तो १९३२ सालीं अविवाहित वारला. एक बहीण जन्मतांच गेली होती. त्यामुळें शिंप्याच्या त्या घराची ही शाखा २ एप्रिल २००५ रोजीं संपली. नांव संपलें नाहीं. डोंगराच्या पायथ्याच्या खेड्यांत तें लावणारीं कुटुंबें नांदत आहेत, आणि तेथील वह्यांत त्या नांवाच्या नव्या नोंदी पडत आहेत.