रात्रपाळीनंतरचा वर्ग

रात्रपाळी उतरून, घरी न जाता थेट प्रशिक्षणाच्या वर्गात येऊन बसणाऱ्या सिस्टर मी शिकवताना कितीदा पाहिल्या आहेत. डोळे तांबारलेले, पर्समध्ये न उघडलेला डबा. ह्यांना इथं आणतं तरी कोण?

एक तर नियम. नोंदणीचं नूतनीकरण पाच वर्षांनी करावं लागतं आणि भारतीय परिचर्या परिषदेनं त्यासाठी 150 तासांचं निरंतर शिक्षण ठरवून दिलं आहे. आमच्या बोलण्यात 'सीएनई'. नुसत्या तासांसाठी आलेली सिस्टर सही करते, चहा घेते, प्रमाणपत्र घेऊन जाते. तिला नावं ठेवू नयेत; काही व्याख्यानं असतातच तशी! कुणाला बढती हवी असते. जीएनएम ही नर्सिंगची पदविका घेतलेली मुलगी नोकरी सांभाळून दोन वर्षांच्या पोस्ट बेसिक बीएस्सीची स्वप्नं बघते, तेव्हा परिसेविकेची किंवा ट्यूटरची खुर्ची तिच्या डोळ्यांसमोर असतेच.

पण शिकण्याची चटक लागते ती वॉर्डात. गरोदरपणात झटके आलेल्या बाईला मॅग्नेशियम सल्फेट देतात. पुढचा डोस भरण्याआधी सिस्टरनं बघायचं : गुडघ्यावर हातोडी मारली की पाय उडतो का, श्वास मिनिटाला 16च्या खाली गेला नाही ना, लघवी तासाला निदान 30 मिलिलिटर होतेय ना. चार्टवर खुणा करून मोकळं होता येतं. पण हे औषध लघवीवाटे बाहेर पडतं, लघवी कमी झाली की रक्तात साचतं, आधी गुडघा थंडावतो आणि मग श्वास, हे एकदा उमगलं की खूण करताना हात थबकतो. मग सिस्टर उतारा म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट हाताशी ठेवते आणि मध्यरात्री फोनवर डॉक्टरांना सांगते, "सर, डोस थांबवलाय. लघवी कमी आहे, गुडघाही उडत नाही." डॉक्टर ऐकून घेतात, उठून येतात. हा मान पगाराच्या चिठ्ठीत दिसत नाही, पण अशी सिस्टर पुढच्या वर्गाला न बोलावता हजर असते.

तिची उमेद मारतो तो ड्यूटीचा तक्ता. प्रशिक्षण साप्ताहिक सुट्टीत टाकलं, की शिकणं ही शिक्षा होते. रुग्णालय चालवणाऱ्यांना माझी विनंती एवढीच : वर्गाचा दिवस ड्यूटीत धरा आणि त्या दिवशी वॉर्डात बदली सिस्टर द्या.