शेजारधर्म आणि रोजची नेकी
(संस्थेच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



आपल्या संमेलनात दरवर्षी देणगीदारांचा सत्कार होतो आणि तो व्हायलाच हवा. कुणी खोली बांधून देतो, कुणी प्रयोगशाळेला साहित्य देतो. त्यांची नावे भिंतीवरील फरशीवर कोरली जातात. मी मात्र आज अशा देण्याविषयी बोलणार आहे, ज्याची पावती फाडली जात नाही आणि फरशीही बसत नाही. विषय साधा आहे. शेजाऱ्याने बादली मागितली तर ती द्यावी की नाही, एवढाच.

हसू नका. या बादलीचा विषय कुरआन शरीफात आला आहे. एकशे सातवी सूरह आहे, 'अल्-माऊन'. अवघ्या सात आयतींची. आपल्यापैकी पुष्कळांना ती लहानपणापासून तोंडपाठ आहे आणि नमाजमध्ये ती आपण वारंवार म्हणतो. पण 'माऊन' म्हणजे काय, असे एकदम विचारले तर आपण क्षणभर अडखळतो. काही भाष्यकारांनी त्याचा अर्थ जकात असा केला आहे. पण हजरत अब्दुल्लाह इब्न मसऊद यांच्यासारख्या सहाबींनी जो अर्थ सांगितला तो असा : भांडे, बादली, कुऱ्हाड अशा घरातल्या वस्तू, ज्या माणसे एकमेकांकडून मागून नेतात आणि काम झाले की परत करतात. या सूरहमध्ये अनाथाला धक्के देणाऱ्याचा, गरिबाला जेवू घालण्यास न सांगणाऱ्याचा, नमाजविषयी गाफील असणाऱ्याचा आणि लोकांना दाखवण्यासाठी सारे काही करणाऱ्याचा निषेध आहे. आणि शेवटची आयत कोणासाठी ? या क्षुल्लक वस्तू अडवून ठेवणाऱ्यासाठी. अनाथाच्या हक्काबरोबर एकाच ओळीत शेजाऱ्याची बादली बसली आहे, याचा आपण विचार केला पाहिजे.

जकातीला दर आहे. निसाब पुरा झाला, वर्ष उलटले की अडीच टक्के. शेतीच्या उत्पन्नावरील उश्रलाही दर आहे. पिकाला आकाशाचे पाणी मिळाले असेल तर दहावा हिस्सा, आणि मोट-पंप लावून, कष्ट व खर्च करून पाणी दिले असेल तर विसावा. किती न्याय्य विचार आहे हा ! आपल्यासारख्या कोरडवाहू मुलखातील शेतकऱ्याला तो लगेच पटतो. पण माऊनला दर नाही. त्याचा हिशेब कोणी मौलवीसाहेब करून देऊ शकत नाहीत. म्हणूनच तो चुकवणे सर्वांत सोपे आहे.

आता आपल्या जिल्ह्यातील माऊन पाहा. चाळणी, सूप, शेवयांचा साचा, शिडी, पहार, दोर, फवारणीचा पंप, दुधाला लावायचे चमचाभर विरजण. जमातीच्या डेगा आणि सतरंज्या. आणि ऑक्टोबर महिना आला की ताडपत्री. सोयाबीन सोंगून शेतात सुडी लावलेली असते, मळणीयंत्राचा नंबर यायला दोन दिवस असतात आणि चिखली-मेहकरच्या बाजूने आभाळ भरून येते. अशा वेळी ज्याच्या घरी जादा ताडपत्री पडून आहे त्याच्या हातात दुसऱ्या घराचे सारे वर्ष असते. मुलाची फी, मुलीचे लग्न, सोसायटीचे कर्ज, सारे त्या सुडीत असते. ताडपत्री फाटून परत येईल या भीतीने जो 'आमचीच लागेल' म्हणतो, त्याने कोणता कायदा मोडला ? कोणताच नाही. परत येताना तिला दोन भोके पडलेली असतात हेही खरे आहे. नेणाऱ्यानेही जरा लाज बाळगावी, भोके शिवून द्यावीत.

पूर्वी शेतीत वारंगुळा असे, इर्जिक असे. आज माझ्या शेतात तुम्ही, उद्या तुमच्या शेतात मी. ज्याच्याकडे एकच बैल असेल त्याचीही पेरणी यातून साधत असे. ट्रॅक्टर आले तसे हे कमी झाले, आणि त्याबद्दल फार उसासे टाकण्यात अर्थ नाही. ट्रॅक्टरने कंबर वाचवली आहे. पण त्याबरोबर एकमेकांच्या बांधावर जाण्याचे कारणही गेले, ते दुसऱ्या कोणत्या तरी रूपाने परत आणावे लागेल.

शेजारी म्हणजे कोण, हा प्रश्न आजकाल मुले मला विचारतात. तो मुसलमानच असला पाहिजे का ? याचे उत्तर हदीसमध्ये आहे. हजरत अब्दुल्लाह इब्न अम्र यांच्या घरी बकरी कापली गेली, तेव्हा त्यांनी घरच्यांना पुन्हा पुन्हा विचारले की, आपल्या यहुदी शेजाऱ्याकडे वाटा पाठवला का ? शेजाऱ्याविषयी प्रेषितांना (स.) इतकी ताकीद मिळत गेली की शेजाऱ्याला वारसाहक्कच मिळतो की काय असे त्यांना वाटले, हा दाखला त्यांनी त्या वेळी दिला. आणि हजरत अबू जर यांना प्रेषितांनी (स.) काय सांगितले ? कालवण शिजवाल तेव्हा पाणी जास्त घाला आणि शेजाऱ्याची आठवण ठेवा. आपल्या वऱ्हाडी माणसाला यापेक्षा सोपे काय सांगायचे ! रस्सा वाढवायला मटण वाढवावे लागत नाही. पाहुणे आले की घरातल्या बायका तेच करतात.

ही गोष्ट दोन्ही समाजांत किती खोलवर आहे याचा एक पुरावा भाषेत आहे. ज्या घरी मयत होते त्या घरी चूल पेटत नाही. शेजारपाजारचे आणि सोयरे डबा आणतात. मराठीत त्याला 'कडू घास' म्हणतात. आपल्या घरांत उर्दूत त्यालाच 'कडवी रोटी' म्हणतात. कडू तेच, घासही तोच. आपल्याकडे त्याचे मूळ इ. स. ६२९ मधील मूताच्या लढाईशी जोडले जाते. हजरत जाफर शहीद झाल्याची खबर आली तेव्हा, त्यांच्या घरच्यांसाठी स्वयंपाक करा, त्यांच्यावर आज दुःख कोसळले आहे, असे प्रेषितांनी (स.) सांगितले. हिंदू घरात ही रीत आपल्या मार्गाने आली, आपल्या घरात आपल्या. पण गल्लीत डबे घेऊन निघालेल्या बायका एकाच वाटेने जातात. कोणत्या घरी तूप चालत नाही, कोणत्या घरी मांसाहार चालत नाही, हे त्यांना कोणी सांगावे लागत नाही.

आणि ही केवळ जुन्या काळची आठवण नव्हे. २०२० साली करोनाच्या साथीत आपल्या शेजारच्या अकोल्यात माणसे दगावत होती आणि भीतीपोटी सख्खे नातेवाईकही प्रेताजवळ येण्यास कचरत होते. तेव्हा तेथील कच्छी मेमन जमातीच्या कार्यकर्त्यांनी पुढे होऊन अंत्यसंस्कार केले. मुसलमानांचे दफन तर केलेच, पण हिंदू मृतांना त्यांच्या धर्माप्रमाणे अग्नीही दिला. दुसरीकडे शेगावला जा. गजानन महाराज संस्थानात हजारो सेवाधारी पाळीपाळीने येतात, झाडू मारतात, चपला सांभाळतात, पंगतीत वाढतात आणि मोबदला घेत नाहीत. आषाढीहून परतणारी त्यांची पालखी सिंदखेडराजा-मेहकरच्या बाजूने आपल्या जिल्ह्यातून जाते, तेव्हा रस्त्याकाठच्या गावांत वारकऱ्यांसाठी पाणी आणि चहा घेऊन माणसे उभी असतात. चांगली गोष्ट जिथे दिसेल तिथून उचलावी. आपल्या मशिदीच्या आणि शाळेच्या आवारातही अशी पाळी लावता येईल की नाही, हे पदाधिकाऱ्यांनी पाहावे.

आता एक कठीण गोष्ट बोलतो. १ जुलै २०२३ च्या रात्री, दीडच्या सुमारास, सिंदखेडराजा तालुक्यात पिंपळखुट्याजवळ समृद्धी महामार्गावर नागपूरहून पुण्याकडे निघालेली खासगी बस उलटली आणि पेटली. आतमधील २५ माणसे जळून गेली, आठ वाचली. ओळख पटणे अशक्य व्हावे अशी मृतांची अवस्था होती आणि दुसऱ्या दिवशी बुलढाण्यात सामुदायिक अंत्यसंस्कार करावे लागले. काचा फोडून बाहेर पडलेल्यांनी हात दाखवले, पण शेजारून जाणाऱ्या गाड्या थांबल्या नाहीत, असे वाचलेल्यांनी सांगितल्याचे त्या दिवसांत सर्वांनी वाचले. मी त्या गाड्यांतील माणसांचा न्याय करायला बसलेलो नाही. रात्रीची वेळ, वेगाचा रस्ता, मनात भीती. पण ही भीती कशाची असते ते मला ठाऊक आहे, कारण ती आपल्या सर्वांच्या घरात बोलली जाते : पोलिसांचे लचांड मागे लागेल, कोर्टाच्या तारखा पडतील, दवाखान्यात आपल्याकडेच पैसे मागतील.

ही भीती आता निराधार आहे, हे आपण मुलांना शिकवले पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने ३० मार्च २०१६ रोजी मदत करणाऱ्याच्या संरक्षणाच्या मार्गदर्शक सूचनांना मान्यता दिली. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलम घालण्यात आले. अपघातग्रस्ताला सद्भावनेने मदत करणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही. त्याच्यावर नाव-पत्ता सांगण्याची सक्ती करता येत नाही. साक्षीदार व्हायचे की नाही, हे तो स्वतः ठरवतो. दवाखाना त्याला अडकवून ठेवू शकत नाही. अपघातानंतरचा पहिला एक तास, ज्याला कायद्याने सुवर्णतास म्हटले आहे, त्यात जखमी दवाखान्यात पोहोचला तर मृत्यू टळण्याची शक्यता सर्वांत जास्त असते. गंभीर जखमीला त्या तासात पोहोचवणाऱ्याला केंद्र सरकारने २०२१ पासून पाच हजार रुपयांचे बक्षीस ठेवले आणि २०२५ मध्ये ते पंचवीस हजार केले. बक्षिसासाठी कोणी थांबावे असे मी म्हणत नाही. पण सरकार तुम्हाला पकडण्याऐवजी बक्षीस देऊ पाहते, एवढे तरी घरी जाऊन वडिलांना सांगा. रुग्णवाहिकेसाठी १०८, पोलिसांसाठी ११२. हे दोन आकडे वर्गाच्या फळ्याच्या कोपऱ्यात कायमचे लिहून ठेवावेत, अशी मी मुख्याध्यापकांना विनंती करतो. वाटेतला काटा-दगड दूर करणे हाही सदका आहे, हे आपण पोरांना मकतबमध्ये शिकवतो. मग वाटेत पडलेल्या माणसाचे काय ?

शेवटी आपल्या घरातलीच एक गोष्ट, आणि ती सांगण्यासाठीच मी आज बोलायला उभा राहिलो. पदाधिकाऱ्यांनी राग मानू नये. गणवेश आणि वह्यांचे वाटप आपल्याकडे व्यासपीठावर होते. मुलाचे नाव पुकारतात, तो येतो, पाहुणे पिशवी पुढे करतात, फोटो काढणारा म्हणतो 'इकडे पाहा', आणि पिशवी दोघांच्या हातात असताना फोटो निघतो. संध्याकाळी तो साऱ्या गावाच्या मोबाईलवर फिरतो. देणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. दुसऱ्यांनाही देण्याची इच्छा व्हावी असे त्याला वाटते, आणि उघड देण्याला कुरआनात मनाई नाही. पण गरिबाला गुपचूप देणे अधिक चांगले असे तिथेच म्हटले आहे, आणि देऊन मग मन दुखावण्यापेक्षा दोन गोड शब्द बरे, असेही. नववीतील मुलाला चारचौघांत गरीब ठरवणे त्याला किती लागते, हे वर्गशिक्षकांना विचारा. काही मुले नाव पुकारल्यावर येतच नाहीत. आपण समजतो गैरहजर आहेत.

देण्याची दुसरी रीत महाराष्ट्रात होऊन गेली आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह सुरू केले आणि तिथे सर्व जातीधर्मांची मुले एकत्र ठेवली. खेड्यापाड्यांतून मूठ-मूठ धान्य गोळा होत असे. मुलांच्या जेवणासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी आपले दागिने दिले, मंगळसूत्रसुद्धा. आपल्याकडील मदरशांसाठीही बायका पीठ मळताना चुटकीभर आटा बाजूला काढून ठेवीत. त्या चुटकीवर कोणाचे नाव नसे. कोणत्या मुलाने कोणाच्या घरचे खाल्ले हे ना देणाऱ्याला कळे, ना घेणाऱ्याला.

म्हणून माझ्या दोनच सूचना आहेत. आठवीपर्यंत पाठ्यपुस्तके सरकारकडून मिळतात. अडचण नववीपासून येते. निकाल लागल्यावर दहावी-बारावीच्या मुलामुलींनी आपली पुस्तके ऑफिसात जमा करावीत. जूनमध्ये वर्गशिक्षकांनी ती गरजूंना सुट्टीच्या वेळी, खाकी कागदाचे कव्हर घालून द्यावीत, म्हणजे नवी कोणती आणि जुनी कोणती हे बाकावर बसल्यावर कोणाला कळणार नाही. दुसरे, बोर्डाच्या परीक्षेची फी ज्यांना जमत नाही त्यांची यादी नोटीस बोर्डावर लावू नये. ती क्लार्ककडे राहू द्यावी आणि देणगीदाराला फक्त संख्या सांगावी.

मुलांनो, पुस्तक देताना पहिल्या पानावरचे आपले नाव फाडून काढू नका, पान सुटून शिवण सैल होते. त्यावर पांढरा कागद चिकटवा. गणिताच्या पुस्तकात पेन्सिलने लिहिलेली उत्तरे मात्र खोडून द्या.