सहीचे मोल
(विद्यार्थी व पालक यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा मजकूर)



१७ डिसेंबर १९०३ रोजी राइट बंधूंनी यंत्रबळावर विमान उडविले, हे शाळकरी मुलासही ठाऊक असते. परंतु त्या विमानाचे सुमारे १२ अश्वशक्तीचे इंजिन ज्याने अवघ्या सहा आठवड्यांत घडविले, त्या चार्ल्स टेलरचे नाव थोड्यांनाच माहीत आहे. राइट बंधूंच्या सायकलच्या दुकानातील हा कारागीर म्हणजे विमान-यंत्रज्ञांच्या कुळाचा मूळपुरुष. त्याच्यापाशी परवाना नव्हता. कारण परवाना देणारेच तेव्हा कोणी नव्हते.

आज गोव्यात दाबोळी आणि मोपा असे दोन विमानतळ आहेत. तेथे उभ्या असलेल्या विमानाची दुरुस्ती झाली की, परवानाधारकाच्या सहीवाचून ते आकाशात जाऊ शकत नाही. हा परवाना कसा मिळतो, हे पालकांनी समजून घेण्याजोगे आहे.

भारतात तो नागरी विमान वाहतूक महासंचालनालय देते. पदार्थविज्ञान, रसायनशास्त्र व गणित घेऊन बारावी झालेल्या विद्यार्थ्यास मान्यताप्राप्त संस्थेत प्रवेश मिळतो. ‘बी-१’ शाखेत विमानाचा सांगाडा, इंजिन आणि यांत्रिक व विद्युत यंत्रणा येतात. ‘बी-२’ मध्ये विद्युत व इलेक्ट्रॉनिक यंत्रणा. अभ्यासक्रम संपला तरी चालू विमानांवर दोन वर्षे प्रत्यक्ष काम करावे लागते. पुढे मोठ्या विमानांसाठी त्या त्या जातीच्या विमानाचे स्वतंत्र शिक्षण असते, आणि शेवटी जेथे नोकरी असेल त्या संस्थेचे अधिकारपत्र. एवढे झाल्यावर सहीचा अधिकार येतो.

परीक्षेत वायुगतिशास्त्राच्या जोडीला ‘मानवी घटक’ असाही एक विषय असतो. यंत्राच्या विद्येत माणसाच्या स्वभावाचा अभ्यास कशासाठी, याचे उत्तर एका घटनेत आहे.

१० जून १९९० रोजी इंग्लंडमधील बर्मिंगहॅमहून स्पेनमधील मलागाकडे निघालेल्या विमानाची समोरची एक काच सुमारे १७,३०० फूट उंचीवर निखळून पडली. मुख्य वैमानिक कंबरेपर्यंत बाहेर खेचला गेला. सहकाऱ्यांनी त्याला घट्ट धरून ठेवले, सहवैमानिकाने विमान साउदॅम्प्टनला उतरविले, आणि सुदैवाने सर्वांचे प्राण वाचले. ती काच २७ तासांपूर्वीच नवी बसविली होती. तिच्या ९० बोल्टांपैकी ८४ बोल्ट हवे त्याहून बारीक होते. फरक एका मिलिमीटरहूनही कमी. उरलेले सहा आखूड निघाले.

ते बसविणारा कोणी शिकाऊ उमेदवार नव्हता. रात्रपाळीच्या अनुभवी प्रमुखाने स्वतः ते काम केले होते. त्याने जुना बोल्ट शेजारी धरून नवे बोल्ट नजरेने जुळविले. सुट्या भागांची अधिकृत सूची पाहिली नाही. काम त्याचेच, सहीही त्याचीच. दुसऱ्याने तपासावे असा नियम त्या कामाला लागू नव्हता. कसब कमी पडले नाही. अनुभवाने आलेल्या खात्रीने घात केला.

म्हणूनच परवाना म्हणजे केवळ विद्येची पावती नव्हे. उड्डाणाची वेळ टळत असताना, वरिष्ठ घड्याळाकडे पाहत असताना, ‘अजून तपासणी व्हायची आहे, सही होणार नाही’ असे शांतपणे सांगणे हे त्या माणसाचे कर्तव्य असते. त्याची ओळख नसलेले शेकडो प्रवासी त्याच्या त्या हट्टावर विसंबून असतात.

हाताला वंगण लागते म्हणून हा व्यवसाय हलका समजण्याची वृत्ती अजूनही काही घरांत आढळते. ती सोडणे इष्ट. मात्र मुलाला वा मुलीला या वाटेस लावण्यापूर्वी केवळ गुणपत्रिका पाहून भागणार नाही. घरातली सायकल खोलून पुन्हा जोडल्यावर एखादा स्क्रू उरला, तर ते मूल तो खिशात टाकते, की कुठला म्हणून सारे पुन्हा उघडते, एवढे पालकांनी दुरून पाहावे. पुन्हा उघडणारे मूल असेल, तर त्याला निःशंक मनाने या विद्येकडे पाठवावे.