तिवईचे तीन पाय

आमच्या लोहा तालुक्यात माळेगावला खंडोबाची मोठी यात्रा भरते. लहानपणी तिथं दोरीवर चालणारी डोंबाऱ्याची पोर बघताना आमचे डोळे तिच्या पायांवर असत. ती मात्र पायांकडे बघतच नसे. तिची नजर समोरच्या बांबूवर खिळलेली. त्यातलं मर्म मला कळलं ते पन्नाशीनंतर, अम्मी पडली तेव्हा.

फजरच्या नमाजासाठी ती उठली. नातवंडांची झोप मोडू नये म्हणून अंधारातच वजू करायला निघाली. मोरीजवळ पाय सरकला, मनगट मोडलं. "चक्कर आली असेल," असं मी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होतो. चक्कर आलीच नव्हती.

डॉक्टरांनी समजावलं, तोल ही तीन पायांची तिवई आहे. एक डोळे. दुसरा आतला कान; तिथल्या तीन बारीक अर्धगोल नळ्यांतला द्रव मान वळताच हलतो आणि मेंदूला खबर जाते. तिसरा म्हणजे तळपाय, घोटे, सांधे यांची जाणीव. वयाबरोबर तिन्ही खबरा मंदावतात. एक पाय डुगडुगला की बाकीचे दोन भार उचलतात, म्हणून आपल्याला पत्ताच लागत नाही. अम्मीचा मधुमेह जुना, तळपाय कधीच बधिर झालेले. ती उभी होती डोळ्यांच्या भरवशावर, आणि अंधारानं नेमके तेच काढून घेतले.

मोरित्झ रोम्बर्ग या जर्मन वैद्यानं एकोणिसाव्या शतकात हेच हेरलं होतं. रुग्णाला पाय जुळवून उभं करायचं आणि डोळे मिटायला सांगायचं. पायांची खबर पोचत नसेल तर माणूस डोलू लागतो. ही तपासणी आजही करतात. घरी एकट्यानं मात्र करून बघू नका.

आता माझी कबुली. जुन्या घरात खरबरीत शहाबादी फरशी होती. ती उखडून गुळगुळीत टाइल्स बसवल्या मीच. बिल वाचवायला वाटेतला छोटा दिवा रात्री बंद करायचो तोही मीच.

गेलेला तोल सरावानं बराचसा परत मिळवता येतो, हे मला ठाऊक नव्हतं. आता अम्मी ओट्याला धरून एका पायावर उभी राहते, मग दुसऱ्या. मीही शेजारी उभा राहतो. पायजमा घालताना मलाही हल्ली भिंत लागते. मोरीपुढं खरबरीत पट्टी लावली, भिंतीला कठडा बसवला. दिवा रात्रभर जळतो. सकाळी तो मालवताना अम्मी रोज विचारते, "इत्ता बिल कौन भरेगा रे?"