कोणाचें रान, कोणाचा पट्टा?

इस्लापूर येथें शेतकरी व कारागीर मंडळींपुढें केलेलें भाषण



आज आम्ही तुमच्यापुढें अमेरिकेची गोष्ट मांडणार आहोंत. पैनगंगेच्या कांठच्या माणसाला अमेरिकेशीं काय करावयाचें आहे, असें कोणी म्हणेल. पण ही गोष्ट जमिनीची आहे, आणि जमिनीची गोष्ट शेतकऱ्याला परकी नसते. शिवाय अमेरिकेचें नांव आपल्या घरांत नवें नाहीं. जोतीराव फुले यांनीं १८७३ सालीं 'गुलामगिरी' हें पुस्तक छापलें, तेव्हां तें अमेरिकेंतील सदाचारी लोकांस अर्पण केलें. कारण काळ्या गुलामांना दास्यांतून सोडविण्याकरितां त्यांनीं स्वतःला झीज सोसली होती. तो मान त्यांना योग्यच होता. परंतु ज्या राष्ट्राच्या एका हातानें गुलामाची बेडी तोडली, त्याच राष्ट्राच्या दुसऱ्या हातानें त्याच काळांत दुसऱ्याची भुई ओढून घेतली. जमेची बाजू वाचावी आणि नांवेची झांकून ठेवावी, हा हिशेब नव्हे.

अमेरिकेचें राज्य प्रथम पूर्वेच्या समुद्राकांठीं होतें. पश्चिमेला अफाट मैदानें, डोंगर, नद्या. आणि तेथें अनेक जमाती पिढ्यान्‌पिढ्या नांदत होत्या. त्यांतला मोठा मुलूख १८०३ सालीं अमेरिकन सरकारनें फ्रान्सकडून सुमारें दीड कोटी डॉलरला विकत घेतला. ज्यांच्या अंगणाचा हा सौदा झाला त्यांना कोणी विचारलेंही नाहीं. शेजाऱ्याच्या गोठ्यांतला बैल दोघां तिऱ्हाइतांनीं परस्पर विकावा, तसा हा व्यवहार!

पुढें १८३० सालीं कायदा झाला कीं, पूर्वेकडील जमातींनीं मिसिसिपी नदीपलीकडे निघून जावें. त्यांतले चेरोकी लोक नांगर धरणारे होते. त्यांची स्वतःची लिपि होती, स्वतःचें वर्तमानपत्र होतें. तेव्हां रानटी म्हणून हुसकावलें, ही सबब तेथें चालत नाहीं. १८३८-३९ सालीं सुमारें १६,००० चेरोकी माणसें घरादारांतून काढलीं, आणि त्यांतलीं सुमारें ४,००० छावण्यांत व वाटेंत मेलीं.

मग १८६२ सालीं होमस्टेडचा कायदा आला. थोडी फी भरावी, पांच वर्षें राहून जमीन कसावी, कीं १६० एकर आपले. आगगाडीच्या कंपन्यांना तर सरकारनें एकंदर १३ कोटी एकरांच्यावर जमीन बहाल केली. ज्या रानगव्यांवर मैदानांतल्या जमातींचें पोट होतें, त्यांचे कोट्यवधींचे कळप मारतां मारतां १८९० च्या आंत कांहीं शेंकड्यांवर आले. १८६८ च्या तहानें ब्लॅक हिल्स म्हणजे काळे डोंगर लाकोटा लोकांच्याकडे राहतील असें सरकारनें लिहून दिलें. १८७४ सालीं तेथें सोनें सांपडलें आणि १८७७ सालीं ते डोंगर काढून घेतले. सरकारी वचनाचें आयुष्य नऊ वर्षें! १९८० सालीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें या डोंगरांची भरपाई दिली पाहिजे असें ठरविलें आणि दहा कोटी डॉलरांच्यावर रक्कम मंजूर झाली. लाकोटांनीं ती आजवर उचललेली नाहीं. आम्हांला पैसा नको, डोंगर परत हवेत, असें त्यांचें म्हणणें.

पण सर्वांत बारीक कसब १८८७ च्या कायद्यांत होतें. जमातीची सामाईक जमीन तोडून प्रत्येक कुटुंबाला तुकडा द्यावा, आणि उरेल ती जास्तीची समजून बाहेरच्यांना द्यावी, असा तो कायदा. हातांत कागद आला आणि पायाखालची भुई गेली. त्या सालीं जमातींकडे सुमारें १३ कोटी ८० लाख एकर होते. १९३४ सालीं सुमारें ४ कोटी ८० लाख उरले. ही लूट तलवारीनें झाली नाहीं. ती दप्तरानें झाली.

आतां आपल्या दाराशीं येऊं. १९५६ पर्यंत हें इस्लापूर सर्कल आदिलाबाद जिल्ह्यांतील बोथ तालुक्यांत होतें. त्या वर्षीं राज्यांची पुनर्रचना झाली आणि इस्लापूर सर्कल व किनवट तालुका मुंबई राज्यांत आले. म्हणून आदिलाबादच्या रानाची जी कहाणी, तीच आपल्या रानाची.

या रानांत गोंड, कोलाम, परधान, आंध हे लोक आधींपासूनचे. गोंडांचें राज्य चांद्याला १७५१ पर्यंत होतें. तेव्हां त्यांना राज्य करणें ठाऊक नव्हतें, असें कोणी म्हणूं नये. गोंड शेतकरी हलक्या जमिनींत कांहीं वर्षें पीक घेई, मग ती पडीत टाकी, दुसरी वाही आणि कांहीं वर्षांनीं पहिलीवर परत येई. त्याच्या मतें भुई विसावा घेत असे. दप्तराच्या मतें ती कोणाचीच नसे! निजामी अमलांत राखीव जंगलाच्या हद्दी आंखल्या गेल्या, तेव्हां असल्या पडीत जमिनी जंगलांत गेल्या. बाकीची ज्याच्या नांवें पट्टा होईल त्याची. पट्ट्यासाठीं अर्ज हवा, उर्दू दप्तराशीं ओळख हवी, कचेरीचे खेटे घालण्यास पैसा हवा. आज्या-पणज्याच्या भुईला कागद कशाला, असें गोंडाला वाटे. तो सिवायजमाबंदी म्हणून दरसाल सारा भरी आणि हक्काच्या रकान्यांत कोराच राही.

इतक्यांत मुदखेडहून किनवटमार्गें आदिलाबादला आगगाडी आली, सडका झाल्या, कापूस बाहेर जाऊं लागला. कालपर्यंत हिंवतापाचें रान म्हणून जो मुलूख लोक टाळीत, त्याला एकाएकीं भाव आला. सावकार आले, व्यापारी आले, बाहेर राहून खंड खाणारे जमीनदार आले. पट्टा त्यांच्या नांवें आणि नांगर गोंडाच्या हातीं, अशी कित्येक गांवांची गत झाली. या जाचाविरुद्ध जोडेघाटच्या डोंगरांत कुमराम भीम उभा राहिला, आणि १९४० सालीं पोलिसांच्या गोळ्यांनीं तो व त्याचे साथीदार पडले. त्यानंतर निजाम सरकारनें फ्यूरर-हायमेनडॉर्फ या व्हिएन्नाच्या विद्वानाकडून गोंडांच्या स्थितीची पाहणी करविली. पुढें पुष्कळ कुटुंबांना पट्टे मिळाले आणि १९४३ सालीं मारलवाईला गोंड शिक्षक तयार करणारी शाळा निघाली. आधीं गोळी आणि मागाहून चौकशी, हा क्रम ध्यानांत ठेवा. चौकशी आधीं झाली असती तर गोळीचें कारण उरलें नसतें.

बंधूंनो, आतां एक प्रश्न आपणांलाच विचारला पाहिजे. या रानांत नंतर आले ते कोण? आपल्यापैकींच पुष्कळांचे वाडवडील. ते कांहीं लूट करावयास निघाले नव्हते. कोणाला दुष्काळानें हांकललें, कोणाला सावकारानें, कोणाला भाऊबंदकीनें. लमाण तांड्यांचा बैलांवरून माल वाहण्याचा पिढीजात धंदा आगगाडीनें व सडकांनीं बुडविला; ते रानाच्या कडेला नांगर धरून बसले. सुतार-लोहार नांगरामागें आले. अमेरिकेंतही तसेंच झालें. १६० एकरांच्या आशेनें पश्चिमेकडे गेलेले पुष्कळ लोक जर्मनी, नॉर्वे, आयर्लंड येथील गरीब कुणबीच होते. दावा लावणाऱ्यांपैकीं निम्म्यांच्या आसपास लोकांच्या हातीं शेवटचा कागद पडलाच नाहीं. ज्यांच्या पडला, त्यांना आगगाडीच्या भाड्यानें आणि बँकेच्या व्याजानें नागविलें. मका इतका पडला कीं कॅन्सस-नेब्रास्कांत कित्येक घरीं तो सरपणाऐवजीं चुलींत घातला. शेवटीं १८९२ सालीं या शेतकऱ्यांनीं बँका व आगगाड्या यांच्याविरुद्ध स्वतःचा पक्ष उभारला. पण ज्यांच्या जमिनीवर ते बसले होते, त्यांची आठवण त्या रागांतही फारशी कोणाला झाली नाहीं.

कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, असें आपण म्हणतों. लोखंड लोहाराचें, पण दांडा लांकडाचाच लागतो. गरिबाची जमीन काढून घेतांना श्रीमंत स्वतः पुढें होत नाहीं. तो दुसऱ्या गरिबाला पुढें करतो. दोघे बांधावर भांडत बसले म्हणजे सात-बारा तिसऱ्याच्या नांवें होतो.

मग करावें काय? जे आले त्यांनीं उठून जावें, असें आम्ही म्हणत नाहीं. त्यांचाही घाम या मातींत मुरला आहे. आम्ही एवढेंच म्हणतों कीं, कायदा काय सांगतो तें दोघांनींही वाचावें. १९७४ सालीं महाराष्ट्रानें केलेल्या कायद्यानें आदिवासीची जमीन मंजुरीवांचून दुसऱ्याकडे जाऊं शकत नाहीं. आणि १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या मुदतींत गेलेली जमीन परत मागण्याची वाट दुसऱ्या कायद्यानें ठेविली. तेव्हां मुद्रांकावर अंगठा घेऊन, किंवा दुसऱ्याचें नांव पुढें करून आदिवासीचें शेत कसावयास घेऊं नका. तो कागद न्यायाचा नाहीं आणि टिकाऊही नाहीं.

दुसरा कायदा २००६ चा, वनहक्काचा. १३ डिसेंबर २००५ च्या आधींपासून वनजमीन कसणाऱ्या आदिवासीला ४ हेक्टरपर्यंत हक्क मिळतो, आणि तो नवरा-बायको दोघांच्या नांवें लागतो. बिगर आदिवासीलाही मिळतो, पण तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा रहिवास दाखवावा लागतो. गांवाचा सामाईक हक्कही त्यांत आहे. बांबू त्या कायद्यानें गौण वनउपज ठरला. तेव्हां ज्यांचें पोट बांबूच्या टोपल्या-सुपांवर, त्यांनीं हें कान देऊन ऐकावें. दावा प्रथम ग्रामसभेपुढें येतो, साहेबापुढें नव्हे. आणि ज्याच्याजवळ कागद नाहीं, त्याच्यासाठीं गांवांतल्या वडीलधाऱ्या माणसाची लिहून घेतलेली जबानीही पुरावा म्हणून चालते.

हें शेवटचें कलम घरीं घेऊन जा. ज्या गोंडाच्या, कोलामाच्या शेताला दप्तरांत रकाना नाहीं, तें शेत त्याचा बाप वाहत होता हें कोणाला ठाऊक आहे? शेजाऱ्याला. तुमच्या घरच्या म्हाताऱ्या आजाला, आजीला. अमेरिकेंत बोलणारे शेजारी फार थोडे निघाले आणि त्यांचें कोणी ऐकलें नाहीं. येथें कायद्यानें कान दिला आहे. म्हणून पुढची ग्रामसभा भरेल त्या दिवशीं आजाला हात धरून घेऊन या, आणि त्यानें डोळ्यांनीं पाहिलें तें त्याला सांगूं द्या.