‘ढ’ म्हणायच्या आधी

हेडफोन लावले ना? आज कोडिंग नाही, इंटरव्ह्यूच्या टिप्स नाहीत. आज माझ्याच एका चुकीबद्दल बोलायचंय.

माझं गाव चिखली तालुक्यात. काही वर्षांपूर्वी उन्हाळ्याच्या सुट्टीत मामेभावाला शिकवायला बसलो. तो तेव्हा सहावीत. विहिरीवरची बंद पडलेली मोटर खोलून चालू करणारा पोरगा, पण धडा वाच म्हटलं की घाम फुटायचा. ‘मदत’चं ‘दमत’ व्हायचं, काना-वेलांट्या गायब. तिसऱ्या दिवशी माझा पेशन्स संपला आणि मी बोलून गेलो, “तू ना, पक्का ढ आहेस.” तो गप्प बसला. दुसऱ्या दिवसापासून वही घेऊन आलाच नाही. दिवाळीत मामीचा फोन आला, “शाळेतच जात नाही म्हणते तो.”

आता गंमत बघा. ऑफिसात प्रोग्राम अडकला की मी आधी लॉग उघडतो, नेमकं कुठे अडकलंय ते शोधतो. भावाच्या बाबतीत मात्र लॉग न बघताच निकाल देऊन मोकळा!

एका मैत्रिणीने सुचवलं, मानसशास्त्रीय तपासणी करून घ्या. मामा भडकले, “आमचं पोरगं येडं हाय का?” त्यांना पटवायला दोन महिने गेले. शेवटी अकोल्याला गेलो.

तिथे सुई नाही, मशीन नाही. आधी डोळे आणि कान तपासून यायला सांगितलं, कारण कधीकधी मुलाला फळ्यावरचं दिसतच नसतं. मग मामीशी बोलणं झालं: बाळंतपण कसं झालं, पोरगा बोलायला कधी लागला, घरात काही ताण आहे का. त्यानंतर बुद्धिमापन चाचणी आणि शेवटी मराठीतून वाचन, लेखन, गणित.

बुद्धिमापन चाचणी होती मालिनची. आणि ही आपल्या विदर्भातली बरं का! वेक्सलर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या चाचणीवरून नागपूरच्या डॉ. आर्थर मालिन यांनी 1969 मध्ये ती भारतीय मुलांसाठी तयार केली. त्याच्याही आधी, 1934 साली, कामतांनी फ्रान्सच्या बिनेची चाचणी मराठी आणि कन्नड मुलांसाठी बसवली होती. कारण साधं आहे, परक्या भाषेतल्या प्रश्नांवरून आपल्या मुलाची बुद्धी कशी मोजणार?

मालिनमध्ये काही प्रश्नांची उत्तरं तोंडी द्यायची, काही गोष्टी हाताने करायच्या. ठोकळ्यांच्या नक्षीत भाऊ सुसाट! बुद्धी वयाप्रमाणे व्यवस्थित, वाचन मात्र दुसरीच्या मुलाइतकं. म्हणजे डिस्लेक्सिया. हा अध्ययन अक्षमतेचा प्रकार. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत अध्ययन अक्षमता येते. सरकारी प्रमाणपत्र मिळालं की बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ, गरज असेल तर लेखनिकही मिळतो.

एक लक्षात ठेवा. रील बघून किंवा दहा प्रश्नांची ऑनलाइन क्विझ सोडवून ‘मला एडीएचडी आहे’ असं ठरवू नका. ती तपासणी नव्हे. आणि खऱ्या तपासणीतला आकडासुद्धा मुलाची किंमत नसते. मदत कुठे करायची, एवढंच तो सांगतो.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येतं, तेव्हा उंची-वजनाबरोबर वाचनाची अडचणही त्यांच्या कानावर घाला. आणि घरातलं किशोरवयीन मूल एकाएकी गप्प झालं, झोप उडाली, मित्र तुटले, तर वाट बघू नका. टेली-मानसचा नंबर 14416, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

भाऊ यंदा दहावीला आहे. अजूनही हळूच वाचतो, पण वाचतो. मागच्या महिन्यात मी त्याला सॉरी म्हटलं. तो हसला आणि म्हणाला, “दादा, मले खरंच वाटे का मले डोस्कंच नाही.”

तुमच्या घरात, गल्लीत असा कुणी असेल, तर हा एपिसोड त्याच्या आईबाबांना पाठवा. भेटू पुढच्या रविवारी!